पहिले अठरा मीटर आणि बदललेला गिअरबॉक्स

ड्रॅग रेसमध्ये दोन मोटारी शेजारीशेजारी उभ्या राहतात, दिवा हिरवा होताच निघतात आणि पाव मैलाचे, म्हणजे सुमारे 402 मीटरचे, सरळ अंतर कापतात. रस्त्यांवरच्या धोकादायक शर्यती बंदिस्त धावपट्टीवर याव्यात या उद्देशाने अमेरिकेत 1951 साली नॅशनल हॉट रॉड असोसिएशन ही संस्था स्थापन झाली आणि तिथूनच या खेळाला नियमांची चौकट मिळाली. धावेच्या अखेरची वेळ सर्वांना दिसते, पण मोटार बांधणारा माणूस आधी 60 फुटांची, म्हणजे पहिल्या 18.3 मीटरची, वेळ वाचतो. छोट्या मोटारीचे भवितव्य बहुधा तिथेच ठरते आणि तिथे इंजिनाइतकाच, माझ्या मते त्याहूनही अधिक, गिअरबॉक्स महत्त्वाचा असतो.

छोटी मोटार निवडण्यामागे साधे गणित आहे. इंजिनाची शक्ती सतत पूर्णपणे वापरली जाते असे धरले, तर ठरावीक अंतर कापायला लागणारा वेळ हा वस्तुमानाला शक्तीने भागून येणाऱ्या संख्येच्या घनमुळाच्या प्रमाणात असतो. त्यामुळे वेळ दहा टक्क्यांनी कमी करायची तर शक्ती सुमारे 37 टक्क्यांनी वाढवावी लागते किंवा वजन 27 टक्क्यांनी उतरवावे लागते. हलकी मोटार हा लाभ जन्मतःच घेऊन येते. मात्र सुरुवातीच्या काही क्षणांत हे सूत्र लागू पडत नाही, कारण तेव्हा मर्यादा शक्तीची नसून टायरच्या पकडीची असते.

आजच्या बहुतेक छोट्या मोटारींत इंजिन आणि गिअरबॉक्स पुढे आडवे बसवलेले असतात आणि पुढचीच चाके गाडी ओढतात. समजा, अशा मोटारीचे वस्तुमान 900 किलोग्रॅम आहे, त्यातील 60 टक्के भार पुढच्या चाकांवर आहे, दोन आसांमधील अंतर 2.4 मीटर आहे आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर उंच आहे. मोटार वेग घेऊ लागली की पुढचा काही भार मागच्या चाकांकडे सरकतो, म्हणजे ज्या चाकांना पकड हवी तीच हलकी होतात. घर्षणांक 1 असलेल्या टायरवर या मोटारीला गुरुत्वीय त्वरणाच्या जवळजवळ निम्मेच त्वरण गाठता येते. आता तीच मोटार, भाराची तीच विभागणी ठेवून, मागच्या चाकांनी ढकलली तरी उत्तर जवळपास तेच येते, आणि हे पाहून अनेकांना आश्चर्य वाटते. फरक पडतो तो टायर बदलल्यावर. शर्यतीच्या मऊ, गुळगुळीत टायरचा घर्षणांक 1.5 धरला, तर पुढची चाके गुरुत्वीय त्वरणाच्या 0.69 पटीवर अडतात आणि मागची 0.87 पटीपर्यंत पोहोचतात, कारण पकड जितकी वाढते तितका अधिक भार मागे सरकतो आणि मागच्या चाकांची पकड आणखी वाढवतो. बॅटरी आणि इंधनाची टाकी मागे नेऊन, इंजिनही थोडे मागे सरकवून भार निम्मा-निम्मा केला, तर हा आकडा 1.09 पर्यंत जातो. 0.69 आणि 0.87 यांतला फरक पहिल्या 18.3 मीटरवर सुमारे पाव सेकंदाचा होतो. मागे आधारदांडे लावून पुढच्या चाकांवरच उत्तम धावणाऱ्या मोटारीही बांधल्या जातात आणि त्यामागचे कौशल्य मोठे असते, परंतु त्यांची झुंज भार सरकण्याच्या या नियमाशीच असते. 1970 च्या दशकात शेव्हरोले व्हेगा आणि फोर्ड पिंटो यांसारख्या छोट्या मोटारी ड्रॅग रेसमध्ये लोकप्रिय झाल्या, त्या मुळातच मागच्या चाकांवर चालणाऱ्या होत्या.

एकदा इंजिन आडवे न ठेवता गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवून शक्ती मागच्या चाकांकडे न्यायचे ठरले की नवा गिअरबॉक्स निवडावा लागतो. पाच-सहा गिअरचा मॅन्युअल डबा सोडून अनेक जण शेव्हरोलेने 1950 साली आणलेला ‘पॉवरग्लाइड’ हा अवघ्या दोन गिअरचा जुना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स घेतात. हे मागे जाणे वाटेल, पण त्यामागचे विज्ञान भक्कम आहे. त्याच्या एका प्रचलित आवृत्तीत पहिल्या गिअरचे गुणोत्तर 1.76 असते, जे छोट्या मोटारीच्या पहिल्या गिअरच्या सुमारे निम्मे आहे. उरलेले काम टॉर्क कन्व्हर्टर करतो. त्यात इंजिनाने फिरवलेले एक पंखाचाक तेलाचा झोत दुसऱ्या पंखाचाकावर फेकते आणि परतणारे तेल मधले स्थिर पंखाचाक पुन्हा योग्य दिशेला वळवते. दुसरे चाक थांबलेले असताना यातून इंजिनाचा पीळ, म्हणजे फिरवण्याचा जोर (टॉर्क), साधारण दुप्पट होतो, म्हणजे एकत्रित परिणाम 3.5 च्या आसपास जातो आणि वेग वाढेल तसा तो आपोआप, धक्का न देता, उतरत जातो. क्लच सोडताना बसणारा हिसका टायरची पकड मोडतो. तेलातून येणारा पीळ मात्र टायरला सांभाळून घेतो. शिवाय अख्ख्या धावेत गिअर एकदाच बदलतो आणि तेव्हाही गिअरबॉक्समधला एका गिअरचा क्लच किंवा पट्टा सुटत असतानाच दुसऱ्याचा धरला जातो. मॅन्युअल डब्यात एका बदलात 0.3 सेकंद गेले, तर सेकंदाला 25 मीटर वेगाने जाणारी मोटार साडेसात मीटर अंतर इंजिनाच्या जोराविना कापते.

जोडणीत खरी परीक्षा अचूकतेची असते. परक्या गिअरबॉक्सची बेलहाउसिंग, म्हणजे इंजिनाला जोडले जाणारे त्याचे घंटेसारखे आवरण, इंजिनाच्या छिद्रांशी जुळत नाही, म्हणून मध्ये अडॅप्टर प्लेट ही जोडपट्टी घालतात, आणि क्रँकशाफ्ट (इंजिनाचा फिरणारा मुख्य दांडा) व गिअरबॉक्स यांचे मध्य मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतक्या अचूकतेने एका रेषेत आहेत का, हे डायल गेज या सूक्ष्म मोजमापाच्या उपकरणाने तपासतात. कन्व्हर्टर आणि फ्लेक्सप्लेट (क्रँकशाफ्टला जोडलेली पातळ तबकडी) यांच्यात बोल्ट आवळण्यापूर्वी 3 ते 5 मिलिमीटर फट राहिली पाहिजे. ती नसेल तर कन्व्हर्टर आतल्या तेलपंपावर दाबला जातो आणि इंजिन पहिल्यांदा सुरू होताच पंप फुटू शकतो. गिअरबॉक्सची शक्ती मागे नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या युनिव्हर्सल जॉइंटचे, म्हणजे कोनातही फिरू शकणाऱ्या सांध्यांचे, कोन समान असावे लागतात, नाहीतर प्रत्येक फेरीत त्याचा वेग कमी-जास्त होऊन कंप सुटतो. पुढचा जॉइंट तुटल्यास शाफ्ट जमिनीत रुतून मोटार उलटू नये, म्हणून त्याच्याभोवती पोलादी कडे बसवतात. हे कडे ऐच्छिक आहे असे कोणीही समजू नये.

उष्णतेचा हिशेबही याच कन्व्हर्टरकडे येतो. सुटण्यापूर्वी गिअरबॉक्समधील ट्रान्सब्रेक ही यंत्रणा पहिला आणि रिव्हर्स गिअर एकाच वेळी धरून गाडी जखडून ठेवतो आणि इंजिनाची सारी शक्ती तेल घुसळण्यात जाते. 200 किलोवॅट शक्ती केवळ दोन सेकंद अशी खर्ची पडली तरी 400 किलोजूल उष्णता तयार होते, आणि कन्व्हर्टरमध्ये चार किलोग्रॅम तेल असेल तर तेवढ्याने त्याचे तापमान सुमारे 50 अंशांनी चढते. तेल तापले की ते पातळ होते आणि मोटारीची सुटण्याची रीत बदलते, म्हणून दोन धावांच्या मधल्या वेळेत तेल शीतकातून फिरवून आधीच्या धावेपूर्वी होते त्याच तापमानाला आणले जाते आणि मगच मोटार पुन्हा रेषेवर नेली जाते.