पाटीवरचे अक्षर पिवळे का पडते?

प्लास्टिक कुजत नाही, म्हणून ते उन्हापावसातही कायम टिकते, असा एक समज आहे. वर्धा जिल्ह्यातील आमच्या गावच्या वाचनालयाची पाटी याच भरवशावर पीव्हीसी फोम शीटमधून कापून घेतली होती. दोन उन्हाळ्यांत तिची पांढरी अक्षरे पिवळट झाली, आणि वळवाच्या पावसात त्यातील ‘ल’ गळून पडला, तेव्हा पारावर अपशकुनाची चर्चा रंगली. दोष मुहूर्ताचा नसून शीटच्या रेणूंचा आणि ती चिकटवण्याच्या पद्धतीचा होता.

सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांपैकी सुमारे ३०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या किरणांची ऊर्जा मोलमागे (मोल म्हणजे कणांची एक ठरावीक, फार मोठी संख्या) जवळपास ४०० किलोज्यूल असते, तर कार्बन-कार्बन बंध तोडण्यासाठी साधारण ३५० पुरतात. मग सगळीच प्लास्टिके भुगा का होत नाहीत? कारण किरण नुसता आदळून भागत नाही. तो रेणूने शोषावा लागतो. पीव्हीसीचा रेणू म्हणजे क्लोरीन आणि हायड्रोजन जोडलेल्या कार्बन अणूंची लांब साखळी. शुद्ध पीव्हीसीची साखळी हे किरण जवळजवळ शोषत नाही, परंतु शीट तयार होताना तिच्यात मोजके दुहेरी बंध आणि ऑक्सिजनयुक्त गट शिरलेले असतात, आणि किरण नेमके तेथे अडकतो. त्या दोषाशेजारचा क्लोरीन हायड्रोजनला सोबत घेऊन हायड्रोजन क्लोराइडच्या रूपाने निघून जातो आणि मागे आणखी एक दुहेरी बंध उरतो. या नव्या बंधामुळे त्याच्या शेजारचा क्लोरीनही सैल होतो, आणि शिवणीचा एक टाका सुटला की पुढचे सुटत जावेत, तशी ही क्रिया साखळीवर सरकत जाते. एकाआड एक अशा सात-आठ दुहेरी बंधांची रांग लागली की ती निळा प्रकाश शोषू लागते. आपल्याला दिसतो तो पिवळेपणा हाच. चांगल्या शीटमध्ये टायटेनियम डायऑक्साइड घातलेले असते व ते अतिनील किरण वरच्या थरातच गिळते. स्वस्त शीटमध्ये मात्र खडूची पूड अधिक असते. तिने पांढरेपणा येतो, संरक्षण मिळत नाही.

१९३३ पासून ‘प्लेक्सिग्लास’ या नावाने बाजारात असलेल्या ॲक्रिलिक या प्लास्टिकमध्ये जमिनीपर्यंत पोहोचणारे अतिनील किरण पकडणारा गटच जवळपास नसतो. म्हणूनच ते वर्षानुवर्षे स्वच्छ राहते आणि अक्षरांसाठी माझी पसंती त्यालाच आहे. ‘यूव्ही प्रूफ’, म्हणजे अतिनील किरणांना दाद न देणारे, एवढ्या छापील शिक्क्यावर मात्र विसंबू नये. लाकडाचे तंतू दाबून केलेल्या एमडीएफ बोर्डाचा विचारही नको, कारण पहिल्याच पावसाळ्यात ते फुगते.

आता गळलेला ‘ल’. हिवाळ्यातील पहाटेचे १० अंश आणि मे महिन्यात उन्हात तापलेल्या अक्षराचे ६० अंश, या फरकात एक मीटर ॲक्रिलिक सुमारे साडेतीन मिलिमीटर प्रसरण पावते, म्हणजे फूटभर अक्षर एक मिलिमीटर. पीव्हीसीचेही प्रसरण याच्या आसपास असते, भिंत मात्र त्याच्या सहाव्या हिश्श्याइतकीच वाढते. या ओढाताणीत कडक गोंद सुटतो. म्हणून सिलिकॉनसारखा लवचिक चिकटवणारा पदार्थ वापरावा किंवा स्क्रूचे छिद्र थोडे मोठे ठेवावे.

पीव्हीसी लेझरवर कधीही कापू नये. निघणारा हायड्रोजन क्लोराइड यंत्र गंजवतो आणि कारागिराच्या फुप्फुसांना इजा करतो. शीट कोणती, ही शंका असल्यास तांब्याची तार तापवून तिच्यावर टेकवावी व ती तार मोकळ्या हवेत पुन्हा ज्योतीत धरावी. पीव्हीसी असेल तर ज्योत हिरवी होते.