कंप्लायन्स चाचणीसाठी ग्राफ्टचे सॅम्पल पाठवताना

"रिपोर्ट कधी मिळेल?" हा फोन आम्हाला रोज येतो. उशीर बहुतेक वेळा मशीनमुळे नाही, सॅम्पलमुळे होतो. म्हणून हे पत्रक. ग्राफ्ट म्हणजे रक्तवाहिनीच्या जागी बसवायची कृत्रिम नळी, आणि कंप्लायन्स म्हणजे आतला दाब वाढल्यावर ती किती टक्के फुगते ते.

डेक्रॉनची, म्हणजे पॉलिएस्टर कापडाची, नळी हातात आली की ती ओढून बघावीशी वाटतेच. कृपया ओढू नका. नळीवरच्या बारीक चुण्या, म्हणजे क्रिम्प, उष्णता देऊन बसवलेल्या असतात. जोरात ताणल्यावर त्यातल्या काही उलगडतात आणि पुन्हा पहिल्यासारख्या बसत नाहीत. उलगडलेल्या भागाचा बाहेरचा व्यास चुणीच्या माथ्यापेक्षा कमी भरतो. आता मोजायचे काय आहे ते बघा. डेक्रॉनचा कंप्लायन्स 100 मिमी पाऱ्याच्या दाबाला साधारण 2 टक्के धरला, तर दाब 80 वरून 120 वर गेल्यावर 8 मिमीची नळी फुगणार जेमतेम 0.06 मिमी, केसाच्या जाडीएवढी. चुण्या अर्धवट उलगडलेल्या असतील तर कॅमेऱ्यात दिसलेला फरक फुगण्याचा की चुण्या हलल्याचा, हे आम्हालाही सांगता येत नाही. मग नवे सॅम्पल मागवण्याशिवाय इलाज नसतो.

काही जण नळी उभी चिरून पट्टी पाठवतात आणि 'यूटीएमवर ओढून इलास्टिसिटी काढा' म्हणतात. यूटीएम, म्हणजे ओढून ताण मोजणाऱ्या मशीनवरची, ती चाचणीही आम्ही करतो, पण तिचा आकडा कंप्लायन्स म्हणून चालत नाही. दाब वाढल्यावर नळीची त्रिज्या किती टक्के वाढली, हे बघायला अखंड नळीच लागते.

आमचे दर जास्त वाटतात, हे ऐकून आहोत. आयएसओ 7198 या कृत्रिम रक्तवाहिन्यांच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार मोजणी 37 अंशांना, नाडीसारख्या ठोक्यांच्या दाबाखाली आणि 50-90, 80-120, 110-150 अशा तीन टप्प्यांत होते. एकाच टप्प्याचा आकडा स्वस्तात देता येईल, पण खालच्या दाबाला सैल असलेली निटेड (स्वेटरसारखी विणलेली) नळी वरच्या दाबाला किती ताठ होते, ते त्यात दिसत नाही. विणीतून पाणी झिरपत असेल तर आत पातळ लेटेक्सची नळी घालावी लागते. त्या लेटेक्सचा स्वतःचा परिणाम किती, हेही आम्ही वेगळे तपासतो. जिलेटिनचा लेप असेल तर आधी कळवा आणि नळी धुऊ नका.

झिरपण्याची चाचणी (120 मिमी पाऱ्याला) करायची असल्यास त्याच वेळी सांगा. एकाच बॅचचे सॅम्पल असले की दोन्ही रिपोर्ट जुळवून वाचता येतात आणि कुरिअरही एकदाच पडते.

नळी गुंडाळी न करता, न दुमडता, कडक पुठ्ठ्याच्या नळकांड्यात सैल ठेवून पाठवा. टोके आम्हीच कापतो, त्यामुळे दोन्ही बाजूंना थोडी जादा लांबी ठेवा. किती, हे व्यासावर ठरते. कापण्याआधी एक फोन केलात तर लगेच सांगू.