फॉर्म बी कुठून आला? व्यापारी इमारतींच्या अग्निसुरक्षा कायद्याची पार्श्वभूमी

दर जानेवारीत आणि जुलैत महाराष्ट्रातल्या व्यापारी संकुलांत एका कागदाची धावपळ सुरू होते. तो कागद म्हणजे फॉर्म बी. इमारतीतली अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत आहे असं परवानाधारक एजन्सीने लिहून द्यायचं आणि मालकाने किंवा भोगवटादाराने ते अग्निशमन दलाकडे दाखल करायचं. गाळेधारकांच्या सभेत हा विषय निघाला की कुणीतरी विचारतंच, ‘आपली इमारत जुनी, तेव्हा सगळ्या परवानग्या घेऊनच बांधली होती. मग दर सहा महिन्यांनी हे कशासाठी?’ प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याला तितकंच सरळ उत्तर द्यायला हवं.

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट झाला. एकाच जहाजात कापसाच्या गाठी आणि स्फोटकं भरलेली होती. आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जण त्यात गेले. देशभर १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन पाळला जातो तो त्यांच्या स्मरणार्थ. इमारतींबाबतचे नियम मात्र पुढे कितीतरी वर्षं बांधकामापुरतेच राहिले. १९७० साली राष्ट्रीय इमारत संहिता आली, तिच्या सुधारित आवृत्त्या १९८३, २००५ आणि २०१६ मध्ये निघाल्या. अग्निसुरक्षेसाठी तिचा चौथा भाग आहे. पण ही संहिता मुळात शिफारस. अग्निशमन हा राज्यांच्या आणि पालिकांच्या अखत्यारीतला विषय, त्यामुळे राज्याच्या कायद्याने किंवा स्थानिक नियमावलीने स्वीकारल्याशिवाय ती बंधनकारक होत नाही. तपासणी व्हायची ती एकदाच. नकाशा मंजूर झाला, अग्निशमन दलाचा ना हरकत दाखला मिळाला, ओसी, म्हणजे इमारत वापरायला देण्याचं भोगवटा प्रमाणपत्र, हातात पडली की फाइल बंद.

इमारत मात्र ओसीनंतरच खऱ्या अर्थाने वापरात येते. एका मजल्याची चार ऑफिसं होतात. प्लायवूडच्या पार्टिशन उभ्या राहतात, छताखाली फॉल्स सीलिंग येतं आणि त्याच्या पोकळीत वायरींचं जाळं साठतं. एसी वाढतात, विजेचा भार मूळ अंदाजाच्या कितीतरी पुढे जातो. केबल टाकायला डक्टला पाडलेली भोकं तशीच उघडी राहतात, आणि धूर नेमका त्याच वाटेने वर चढतो. दुसरा जिना खोक्यांनी भरतो. गच्चीवर शेड उभी राहते. यातला एकही बदल ओसीच्या नकाशावर नसतो.

दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी हेच घडलं. तळमजल्यावरच्या पार्किंगमधल्या ट्रान्सफॉर्मरने पेट घेतला, धूर बाल्कनीपर्यंत चढला. तिथे जादा खुर्च्या बसवून बाहेर पडायची एक वाट आधीच बंद केलेली होती. ५९ प्रेक्षक गेले, तेही मुख्यतः गुदमरून. त्या जादा खुर्च्यांचा तपशील मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मूळ आराखड्यातली वाट पुढच्या फेरबदलांनी बुजवली होती.

‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६’ हा ६ डिसेंबर २००८ पासून लागू झाला आणि ही चौकट बदलली. यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी मालकावर आली, आणि मालक सापडत नसेल तर भोगवटादारावर. यंत्रणा बसवल्याचा दाखला म्हणजे फॉर्म ए; ती चालू ठेवल्याचा, वर्षातून दोनदा द्यायचा दाखला म्हणजे फॉर्म बी. संहितेचा उल्लेख करताना कायद्याने ‘वेळोवेळी सुधारल्याप्रमाणे’ असेही शब्द घातले. धोका तातडीचा असेल तर इमारत रिकामी करायला लावण्याचे आणि वीज-पाणी तोडण्याचे अधिकार मुख्य अग्निशमन अधिकाऱ्याला मिळाले. कायदा मोडल्यास सहा महिने ते तीन वर्षं कैदेची तरतूद आहे.

पुढे प्रत्येक मोठ्या आगीने नवी त्रुटी दाखवली. जुलै २०१४ मध्ये अंधेरीच्या लोटस बिझनेस पार्कमध्ये बंदिस्त काचेच्या भिंतींमुळे धूर कोंडला आणि अग्निशमन दलाच्या एका जवानाचा जीव गेला. २०१६च्या संहितेत काचेच्या दर्शनी भागासाठी अट आहे: प्रत्येक मजल्यावर बाहेर उघडणारी, किमान एक मीटर बाय एक मीटरची तावदानं, एकमेकांपासून दहा मीटरपेक्षा जास्त अंतरावर नकोत. त्याआधी उभ्या राहिलेल्या कितीतरी काचेच्या इमारतींत अशी तावदानं नाहीत. २९ डिसेंबर २०१७च्या मध्यरात्रीनंतर कमला मिल आवारातल्या गच्चीवरच्या रेस्टॉरंटांना आग लागून १४ जण गेले; बाहेरची वाट न सापडल्याने अनेकजण स्वच्छतागृहात शिरले होते. कापडगिरणीची जागा ऑफिसांची आणि मग हॉटेलांची झाली होती. ऑक्टोबर २०२० मध्ये नागपाड्याच्या सिटी सेंटर मॉलची आग ५६ तास चालली, शेजारच्या टॉवरमधून सुमारे ३,५०० रहिवाशांना बाहेर काढावं लागलं. मार्च २०२१ मध्ये भांडुपच्या ड्रीम्स मॉलला आग लागली आणि धूर त्याच मॉलमधल्या कोविड रुग्णालयात पोचला.

सरकारही प्रत्येक वेळी वेळेवर हललेलं नाही. २६/११च्या हल्ल्यानंतर, २००९ मध्ये, मानवनिर्मित आपत्तीचा धोका असलेल्या इमारतींसाठी विशेष नियमांचा मसुदा निघाला. तो वर्षानुवर्षं मसुदाच राहिला आणि अखेर मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका आली.

जुन्या व्यापारी इमारतींची खरी अडचण इथे आहे. पाण्याची टाकी, पंप, रायझर (मजल्यामजल्यांवर पाणी नेणारा उभा पाइप), स्प्रिंकलर, धूर ओळखणारी यंत्रणा हे सगळं पैसे घातले तर नंतरही बसतं. जिन्याची रुंदी वाढवता येत नाही आणि दुसऱ्या जिन्याला आवारात जागाच उरलेली नसते. अशा ठिकाणी कोणते पर्यायी उपाय पुरेसे धरायचे हे अग्निशमन अधिकाऱ्याशी बसून, इमारतनिहायच ठरवावं लागतं. त्यात सोसायटीतला खर्चाचा वाद. तळमजल्याचा दुकानदार म्हणतो, मी दोन पावलांत रस्त्यावर. सातव्या मजल्याच्या पंपाचे पैसे मी का भरू? ड्रीम्स मॉलमधली आग रुग्णालयाच्या खालच्या मजल्यावर लागली होती.