पोत्यांच्या हिशेबात वजन (ग्रामीण विदर्भ)

अवजड वस्तूचे वजन टनांत न सांगता पोती, गाठी, टँकर अशा रोजच्या वापरातल्या मापांत सांगण्याची रीत. विदर्भातल्या शेतकऱ्याचा व्यवहार किलो आणि क्विंटलमध्ये चालतो. टन त्याच्या कानावर पडतो तो कोळसा, सिमेंट किंवा उसाच्या बोलण्यात. त्यामुळे ‘चार टन’ म्हटल्यावर डोळ्यांपुढे काही उभे राहत नाही, ‘ऐंशी पोती’ म्हटले की लगेच अंदाज येतो.

यात पोत्याचा मान पहिला, कारण ते पाठीवर घेतलेले असते. मात्र पोते कोणते, हे आधी ठरवावे लागते. सिमेंटचे पोते ५० किलोंचे. युरियाचे पूर्वी तेवढेच होते, २०१८ पासून ते ४५ किलोंचे झाले. जुन्या हमालांच्या तोंडी पोते म्हणजे सरळ क्विंटल. पोते ५० किलोंचे धरले तर एका टनाची २० पोती होतात. शेतातला मध्यम ट्रॅक्टर साधारण दोन टनांचा, म्हणजे ४० पोत्यांचा. गडचिरोलीतल्या कमलापूरच्या कॅम्पमध्ये हत्ती पाहायला मिळतात. पूर्ण वाढलेला नर आशियाई हत्ती चार टनांच्या आसपास, म्हणजे ८० पोत्यांचा. ताडोबातला मोठा नर वाघ चार पोत्यांएवढा असतो आणि मोठा गवा वीस पोत्यांच्या जवळ जातो. वाघ गव्यावर चालून जातो तेव्हा पाचपट वजनाशी त्याची गाठ असते, हे पोत्यांत सांगितले की चटकन पटते.

डोळ्यांना सर्वांत जास्त फसवतो तो कापूस. शिगोशीग भरलेली कापसाची ट्रॉली रस्ता अडवते, पण तेवढ्याच जागेत कोळसा भरला तर चाके बसतील. म्हणून कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्याच्या दारात अंदाजाला थारा नसतो. गाडी आधी भरलेली धर्मकाट्यावर चढते, कापूस खाली झाला की रिकामी पुन्हा चढते. दोन आकड्यांतली वजाबाकी म्हणजे माल. काट्याच्या लोखंडी फळीखाली भार मोजणारे सेल असतात, त्यामुळे वजन चालू असताना गाडीवर चढलेला माणूसही आकड्यात येतो. हे प्रत्येक शेतकऱ्याने उभे राहून पाहावे. रुईची (सरकी काढलेल्या कापसाची) दाबलेली गाठ १७० किलोंची, म्हणजे साडेतीन पोत्यांना थोडी कमी. ती व्हायला सुमारे पाच क्विंटल कापूस लागतो. बाकी बहुतेक वजन सरकीचे.

दशमान वजने १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली. त्याआधी ४० शेरांचा मण आणि २० मणांची खंडी होती. भंडारा-गोंदियाकडे धानाच्या बोलण्यात खंडी अजून येते. पायली हे मात्र आकारमानाचे माप असल्याने पायलीभर तूर आणि पायलीभर धान यांचे वजन सारखे भरत नाही. जुना हिशेब किलोत नेताना पीक कोणते, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. रुईच्या सौद्यात तर खंडी सुमारे ३५६ किलोंची, म्हणजे दोन गाठींहून थोडी जास्त. नवस फेडताना मुलाची गुळाने तुला करतात, तीही याच रीतीतली: तिथे आकडा विचारत नाहीत, पारडे समान झाले की पुरे.

कोळशापाशी पोती कमी पडतात. वणी-चंद्रपूरकडून निघणाऱ्या मालगाडीच्या एका डब्यात साठेक टन कोळसा मावतो. असे ५८ डबे म्हणजे सुमारे साडेतीन हजार टन. पोती सत्तर हजार होतील, त्यापेक्षा दहा टनांचे साडेतीनशे ट्रक म्हणावे.

पाण्याचे वजन मात्र बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. एक लिटर म्हणजे एक किलो. पाच हजार लिटरच्या टँकरमधले पाणी पाच टनांचे. एकरावर २५ मिलिमीटर पाऊस पडला की शंभर टन पाणी उतरते, वीस टँकर. पेरणीआधी ७५ ते १०० मिलिमीटर पावसाची वाट पाहा असे सांगतात, तेव्हा प्रत्येक एकरासाठी साठ ते ऐंशी टँकर मागितलेले असतात. एवढे वजन उताराने धावले तर माती का वाहून जाते आणि बांध का फुटतात, ते वेगळे सांगावे लागत नाही. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाची क्षमता सुमारे १,१४६ दलघमी (दशलक्ष घनमीटर), म्हणजे जवळपास ११५ कोटी टन पाणी. इथे टँकरही निरुपयोगी ठरतो. सुमारे २ लाख ८३ हजार एकरांवर मीटरभर उभे पाणी, असे सांगितले तर शेतकऱ्याला ते मोजता येते.