पान लागणे (सर्पदंश)

‘पान लागणे’ म्हणजे साप चावणे. सातारा-सांगलीकडच्या खेड्यांत दिवेलागणीनंतर सापाचे नाव घेत नाहीत. साप म्हणायचे झाले तर ‘लांबडं’ किंवा ‘जनावर’, आणि तो चावला तर ‘पान लागलं’. शब्द टाळण्याच्या या रीतीने कुणाचे काही बिघडत नाही. तिच्यासोबत आलेली उपचारांची रीत मात्र जिवावर बेतते. मारुतीच्या देवळात न्यायचे, कडुनिंबाचा पाला चावायला द्यायचा, देवऋषाकडून ‘इख’ उतरवून घ्यायचे, यात दोन-चार तास सहज जातात. सर्पदंशात तेच तास मोलाचे असतात.

भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात मांडला गेला. यातले बहुतेक मृत्यू खेड्यांतले, पावसाळ्यातले आणि घरीच झालेले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांत केला. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा केंद्र सरकारने २०२४ मध्ये जाहीर केला.

साप कोणते

माणसाचा जीव घेणारे साप या भागात मुख्यतः चारच: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. कृष्णा-वारणेच्या काठचा ऊस हे नाग आणि घोणस यांचे हक्काचे रान, कारण तिथे उंदीर भरपूर. फुरसे जत, आटपाडी, माण, खटाव अशा दुष्काळी, खडकाळ मुलखात दगडांखाली सापडते. मण्यार सगळीकडे असते आणि रात्री घरात शिरते. याशिवाय कोयना-चांदोलीच्या जंगलपट्ट्यात हिरवा चापडा आहे. त्याच्या दंशाने सूज आणि वेदना खूप होतात, जीव सहसा जात नाही, पण नेहमीचे प्रतिविष त्यावर चालत नाही.

धामण, दिवड, नानेटी, तस्कर, रुका, कवड्या, मांडूळ, अजगर हे सगळे बिनविषारी, आणि तरीही रोज मारले जाणारे. गल्लत दोन जोड्यांत जास्त होते. कवड्याचे पांढरे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे विरत जातात. मण्यारीचे पट्टे मानेच्या बरेच मागे सुरू होतात, बहुधा जोडीजोडीने येतात आणि शेपटीकडे ठळक होतात. दुसरी जोडी घोणस आणि डुरक्या घोणस. खऱ्या घोणशीच्या पाठीवर साखळीसारख्या लंबगोल ठिपक्यांच्या तीन रांगा असतात आणि डिवचली तर ती कुकरच्या शिट्टीसारखा आवाज करते. डुरक्याचे डाग वेडेवाकडे, शेपूट आखूड आणि बोथट. अजगराचे पिल्लूही घोणस समजून ठेचले जाते. मांडुळाची गत वेगळीच. गुप्तधनाच्या आणि औषधाच्या खुळापायी त्याचे सौदे होतात, आणि ज्या शेतातले उंदीर ते खाते त्याच शेतातून ते पोत्यात भरून नेले जाते.

विष उतरते ते कसे

देवऋषावरचा विश्वास नुसता भाबडा नाही, तो अनुभवावर उभा आहे, आणि म्हणूनच तो हलवणे अवघड जाते. चावणाऱ्या सापांपैकी बरेच बिनविषारी असतात. विषारी साप चावला तरी दर वेळी तो विष सोडतोच असे नाही; अशा दंशाला कोरडा दंश म्हणतात. कधी सोडलेले विष जीव घेण्याइतके नसते. म्हणजे देवळात आणलेल्यांपैकी बहुतेक जण काही न करताही वाचणारच असतात. ते वाचले की श्रेय मंत्राला जाते. जो वाचत नाही त्याच्याबद्दल ‘आणायला उशीर केला’ किंवा ‘त्याचं भरलंच होतं’ असे म्हटले जाते. असा हिशेब ठेवला तर मंत्र कधीच हरत नाही.

कडुनिंबाची परीक्षा याच जातीची. पाला कडू लागला नाही तर विष चढले, असे समजतात. घाबरलेल्या माणसाच्या जिभेला कोरड पडलेली असते, त्याला चव नीट कळत नाही. उलट, मण्यार चावलेल्याला पाला व्यवस्थित कडू लागतो, घरचे निश्चिंत होतात आणि तो पहाटे दगावतो. दंशावर कोंबडीची पिल्ले लावतात तेव्हा ती मरतात, पण हाताळण्याने आणि गुदमरून. मिरची, तूप, दारू, कसली तरी मुळी, यांपैकी कशाचाही विषावर परिणाम होत नाही. पोटात ढकललेल्या या गोष्टींनी उलटी मात्र होते, आणि गिळण्याचे स्नायू लुळे पडले असतील तर ती श्वासनलिकेत जाते.

चावल्यावर पहिली दहा मिनिटे

माणसाला खाली बसवावे किंवा आडवे करावे आणि चालू देऊ नये. हातापायाचे स्नायू हलले की विष लवकर पसरते. अंगठी, जोडवी, पैंजण, बांगड्या, घड्याळ लगेच काढावे. सूज चढल्यावर ती कापावी लागतात. हाड मोडल्यावर बांधतात तशी फळी, उसाचे कांडे किंवा जाड पुठ्ठा लावून अवयव सैलसर बांधावा. चावल्याची वेळ लक्षात ठेवावी, सूज कुठवर आली तिथे पेनाने रेघ ओढून शेजारी वेळ लिहावी. डॉक्टरला ही रेघ फार उपयोगी पडते. १०८ ला फोन करावा. गाडीला वेळ लागणार असेल तर मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून न्यावे. उलटी होत असेल तर डाव्या कुशीवर ठेवावे.

करू नये ते जास्त महत्त्वाचे. सुतळीने किंवा फडक्याने करकचून आवळणे ही सर्वांत रूढ चूक. आवळल्याने विष थांबत नाही. घोणस आणि फुरसे यांचे विष आधीच मांस सडवते, त्यात रक्तपुरवठा तुटला की पायच गमवावा लागतो. शिवाय आवळलेले एकदम सोडले की अडलेले विष एकाच लोटात अंगात जाते. म्हणून कुणी आधीच बांधून आणले असेल तर ते दवाखान्यात, प्रतिविषाची तयारी झाल्यावरच सोडतात. ब्लेडने चीर देणे दुसरी चूक. घोणशीच्या विषाने रक्त गोठेनासे झालेले असते, मग ती चीर वाहतच राहते. तोंडाने ओढून विष निघत नाही. बर्फ लावू नये, जखम चोळू नये. साप मारून आणायच्या नादात वेळ जातो, दुसरा माणूसही चावून घेतो. मेलेल्या सापाचे डोकेसुद्धा काही काळ चावू शकते. लांबून फोटो मिळाला तर ठीक, नाही तर उपचार लक्षणांवरून होतात.

मण्यार

हिच्याबद्दल वेगळे सांगणे भाग आहे, कारण हिच्या दंशात शहाणी माणसेही फसतात. मण्यार रात्री उंदीर, पाली, दुसरे साप शोधत फिरते. उन्हाळ्या-पावसाळ्यात माणूस जमिनीवर वाकळ टाकून झोपलेला असतो, झोपेत त्याचा हात तिच्यावर पडतो. दंश मुंगी चावल्याएवढा. खूण बहुधा सापडत नाही, सूज नाही, आग नाही. दोन-तीनच्या सुमारास पोटात कळ येते, उलटी होते. घरचे म्हणतात, रात्रीचं जेवण बाधलं, आणि ओवा देतात. मग पापण्या जड होतात. ‘झोप येतेय’ असे माणूस म्हणतो, पण ती झोप नसते. बोलणे जड होते, थुंकी गिळता येत नाही, मान धरत नाही. शेवटी छातीचे स्नायू थांबतात.

जमिनीवर झोपलेला धडधाकट माणूस पहाटे पोटदुखी आणि जड पापण्या घेऊन उठला, तर अंगावर खूण असो वा नसो, मण्यार चावली असे धरूनच निघावे. वाटेत त्याला एका श्वासात आकडे म्हणायला लावावेत. आकडा दर खेपेला कमी होत गेला तर श्वास कमी पडतोय. अशा रुग्णाचे हात, पाय, डोळे काहीच हलत नाही, बाहुल्याही प्रकाशाला हलत नाहीत. बघणाऱ्याला तो गेलेला वाटतो. प्रत्यक्षात अनेकदा तो शुद्धीवर असतो आणि भोवतालची रडारड ऐकत असतो. अंबू बॅगने (हाताने दाबून श्वास द्यायच्या पिशवीने) आणि पुढे व्हेंटिलेटरवर श्वास चालू ठेवला तर काही दिवसांनी तो पुन्हा उठून बसू शकतो.

दवाखान्यात काय होते

गावात ज्याला ‘सापाची लस’ म्हणतात ती लस नव्हे. ते प्रतिविष: घोड्याला थोडे थोडे विष टोचून त्याच्या रक्तातून मिळवलेली प्रतिद्रव्ये. आधी घेऊन ठेवता येत नाही आणि एकदा घेतल्याने पुढच्या दंशापासून संरक्षण मिळत नाही. भारतात मिळणारे प्रतिविष वरच्या चारही सापांवर चालते, म्हणून साप ओळखता आला नाही तरी अडत नाही. सरकारी दवाखान्यात ते मोफत मिळते.

साप चावला म्हणून लगेच प्रतिविष देत नाहीत. विषाची लक्षणे दिसली तरच देतात. त्यातली एक चाचणी अगदी साधी आहे आणि ती प्राथमिक आरोग्य केंद्रातही होते. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत शिरेतले २ मिली ताजे रक्त घ्यायचे, नळी न हलवता २० मिनिटे ठेवायची, मग एकदाच तिरकी करायची. रक्त गोठले नाही, पाण्यासारखे वाहिले, तर घोणस किंवा फुरसे यांचे विष अंगात आहे. नळी प्लॅस्टिकची असेल किंवा साबणाने धुतलेली असेल तर निरोगी रक्तही नीट गोठत नाही, आणि गरज नसताना प्रतिविष दिले जाते. पहिले २० मिनिटांचे रक्त गोठले म्हणून घरी पाठवणे हीदेखील चूक. चाचणी पुन्हा पुन्हा करायची असते आणि रुग्णाला निदान २४ तास ठेवायचे असते.

पहिला डोस साधारण १० कुप्यांचा. हिशेब असा: एक कुपी १० मिलीची, ती घोणशीचे सुमारे ६ मिलिग्रॅम विष निष्प्रभ करते, आणि घोणस एका दंशात सरासरी ६३ मिलिग्रॅम सोडते. दोन कुप्या देऊन ‘बघू’ म्हणण्यात अर्थ नाही. लहान मुलालाही तेवढाच डोस, कारण साप मूल बघून विष कमी सोडत नाही. औषध सलाईनमधून साधारण तासाभरात देतात. घोड्याची प्रथिने असल्याने अंगावर गांधी उठणे, थंडी वाजणे, रक्तदाब पडणे असे होऊ शकते. त्यासाठी अॅड्रेनॅलिन भरून उशाशी ठेवलेले असते. ही रिअॅक्शन आटोक्यात येते, पण तिच्या भीतीने पहिला डोस न देताच रुग्ण पुढच्या मोठ्या दवाखान्यात पाठवला जातो आणि तो तास रस्त्यात जातो. नातेवाइकांनी निघण्यापूर्वी ‘प्रतिविष सुरू केलं का, किती कुप्या, किती वाजता’ हे चिठ्ठीवर लिहून घ्यावे. नाग-मण्यारीच्या दंशात निओस्टिग्मिन आणि अॅट्रोपिन ही औषधांची जोडीही देऊन पाहतात. नागाच्या बाबतीत तिचा गुण चांगला येतो. घोणशीच्या दंशात लघवी कमी झाली का यावर लक्ष ठेवावे लागते, कारण मूत्रपिंडे निकामी होऊन डायलिसिसची वेळ येते.

बत्तीस शिराळा

सांगली जिल्ह्यातले शिराळा नागपंचमीसाठी देशभर माहीत आहे. गोरक्षनाथांच्या आख्यायिकेशी जोडलेल्या या सणात पूर्वी जिवंत नाग पकडून, मडक्यात ठेवून, पूजा आणि मिरवणूक होई, आणि नंतर ते रानात सोडले जात. बीळ ओळखणे, माती किती उकरायची, नागाचा फणा कुठवर पोचतो, हे इथल्या जाणत्या माणसांना पक्के ठाऊक होते, आणि हे खरे ज्ञान आहे, त्याला अंधश्रद्धा म्हणणे अन्याय होईल. मात्र नाग पकडता येणे वेगळे आणि विष उतरवता येणे वेगळे. पहिल्याच्या जोरावर दुसऱ्याची पत वाढली, गोंधळ तिथे झाला. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ आणि त्यावरील न्यायालयीन आदेशांनंतर जिवंत नागांचे खेळ थांबले. नागाला पाजलेले दूध त्याला पचत नाही. तहानलेला ठेवलेला नाग समोर आलेला कोणताही द्रव पितो, त्यावरून नाग दूध पितो हा समज झाला. डूख धरण्याइतकी स्मृतीही त्याला नसते.

शेत आणि घर

शेतीची लाईट रात्रपाळीची आली की उसाला पाणी पाजायला अंधारातच जावे लागते. गुडघ्याएवढे गमबूट, बॅटरी आणि पुढे काठी आपटत चालणे, एवढ्याने पायाचे बहुतेक दंश टळतात. सापाला हवेतला आवाज फारसा ऐकू येत नाही, जमिनीचा हादरा मात्र त्याला कळतो. पाचट, कडब्याची गंजी, शेणींचा हुडवा यांत हात घालण्याआधी काठीने हलवावे. ऊसतोड मजुरांच्या कोपीत (झोपडीत) खाट नसते. तिथे मच्छरदाणीची कड अंथरुणाखाली घट्ट खोचली तर मण्यार आत येत नाही. धान्य आणि कोंबड्या झोपायच्या जागेपासून लांब ठेवाव्यात, कारण उंदरांच्या मागोमाग साप येतो. २००५, २०१९ आणि २०२१ सारखा पूर कृष्णेला आला की बिळांत पाणी भरून साप उंचवट्यावरच्या घरांत येतात. पूर ओसरल्यावरची साफसफाई बूट घालूनच करावी.

कायदा आणि कागद

साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी ज्यासाठी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला तो जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्रात २०१३ मध्ये, त्यांच्या हत्येनंतर, आला. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा त्यानुसार गुन्हा आहे. शिक्षा ६ महिने ते ७ वर्षे. नुसते देवळात नेल्याने कुणी गुन्हेगार ठरत नाही, उपचार अडवल्याने ठरतो.

शेतकऱ्याचा सर्पदंशाने मृत्यू झाल्यास गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून वारसांना २ लाख रुपये मिळतात. त्यासाठी मृत्यूचे कारण कागदावर यावे लागते. देवऋषाच्या ओट्यावर गेलेल्या माणसाचे घाईघाईने दहन झाले, पंचनामा आणि शवविच्छेदन राहिले, की तलाठी आणि कृषी कार्यालयाच्या टेबलावर तो अर्ज अडकून पडतो.