दिव्यांसाठी ओढलेल्या तारा आणि मोठे ॲम्प्लिफायर

खटका दाबला की ट्रान्सफॉर्मरमधून एक दबका ‘ढुम्’ येतो, खोलीतला दिवा पापणी लवावी तसा मिचकतो आणि ॲम्प्लिफायर चालू होतो. निदान चारदा तरी होतो. पाचव्या वेळी बोर्डावरचा एमसीबी, म्हणजे करंट फार झाला की आपोआप बंद होणारा खटका, खाली पडतो. माझ्या जुन्या पॉवर ॲम्प्लिफायरने हा खेळ बरेच दिवस केला. गाणं अजून सुरूही झालेलं नसताना हा इतकी वीज ओढतो कशाला, आणि तीही रोज नाही, मधूनच, हे कळायला मला फार मागे जावं लागलं.

घराघरातली वीज मुळात उजेडासाठी आली. 1882 मध्ये न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर एडिसनचं केंद्र सुरू झालं, तेव्हा कार्बनच्या तंतूच्या दिव्यांना सोसेल असा सुमारे 110 व्होल्टचा दाब ठरला. बर्लिनच्या वीज कंपनीने 1899 च्या सुमारास तो दुप्पट, म्हणजे 220 व्होल्ट केला. तेवढीच वीज द्यायला करंट निम्मा पुरतो आणि तारेतली नासाडी पावपट होते, असा तो साधा तांब्याचा हिशेब होता. अमेरिकेत तोवर 110 व्होल्टचं जाळं इतकं पसरलं होतं की ते बदलणं परवडलं नाही. म्हणून आज तिथल्या 120 व्होल्ट, 15 ॲम्पिअरच्या सर्किटमधून 1,800 वॅट मिळतात (बराच वेळ चालणाऱ्या लोडसाठी 1,440 च धरायचे), तर 230 व्होल्ट, 16 ॲम्पिअरवर 3,680 वॅट मिळतात. आता सगळा जन्म त्या 1,800 वॅटमध्ये काढायचा असल्यासारखे तिकडचे ऑडिओचे हौशी लोक बोलतात, ते उगाच नाही.

सुरुवातीच्या घरांत भिंतीवर सॉकेट असा प्रकारच नव्हता. यंत्राची वायर दिव्याच्या होल्डरमध्ये पिळून बसवायची. ओढून काढता येणाऱ्या प्लगचं पेटंट हार्वे हबेलला 1904 मध्ये मिळालं. रेडिओ तर बरीच वर्षं बॅटरीवरच चालला: आतल्या व्हॉल्व्हचा (काचेच्या नळीचा) तंतू तापवायला एक, तिच्यातल्या प्लेटला दुसरी. 1925 मध्ये एडवर्ड रॉजर्सचा बॅटरीविना चालणारा संच टोरांटोत बाजारात आला. त्याच वर्षी राइस आणि केलॉग यांनी आजच्या लाउडस्पीकरचा पूर्वज मांडला. त्याच्या बाजारी अवताराच्या पेटीत ॲम्प्लिफायरही होता, सगळा मिळून 1 वॅटचा.

मग 1947 मध्ये विल्यमसनचा ॲम्प्लिफायर आला, 15 वॅटचा. त्या काळी हे भरपूर वाटे आणि भिंतीतून तो एखाद-दोन मोठ्या बल्बांएवढीच वीज घेई. व्हॉल्व्हच्या जमान्यात आणखी एक सोय फुकटात मिळाली होती, ती गेल्यावरच कळली. रेक्टिफायर, म्हणजे एसी विजेची डीसी करणारा भाग, तोसुद्धा व्हॉल्व्हचाच असे. तो तापायला काही सेकंद लागत, त्यामुळे वीज साठवणारे कपॅसिटर सावकाश भरत. कपॅसिटरही लहानच.

बिघडवलं ते स्पीकरने. 1954 मध्ये एडगर विल्चर यांनी बंद पेटीतल्या हवेचीच स्प्रिंग करून छोट्या खोक्यातून खोल खर्ज काढून दाखवला. घरातल्या कपाटाएवढ्या पेट्या गेल्या, पण किंमत वॅटमध्ये मोजावी लागली. स्पीकर 10 डेसिबल मागे पडला की तेवढ्याच आवाजाला दसपट वॅट लागतात. 1958 मध्ये स्टिरिओ तबकड्या आल्या आणि सगळं पुन्हा दुप्पट झालं. ती भूक ट्रान्झिस्टरने भागवली. 1967 चा क्राउन डीसी-300 हा ॲम्प्लिफायर चॅनलमागे 150 वॅट देई. काही वर्षांतच बॉब कार्व्हर यांच्या फेज लिनिअर 700 ने 350 वर नेलं.

दोन्ही चॅनल मिळून 700 वॅट म्हटल्यावर घरची लाईन झेपेल का, हा प्रश्न तेव्हापासून विचारला जातोय. माझ्या मते तो चुकीच्या बाजूने विचारला जातो. संगीत सतत पूर्ण जोरात नसतं. सरासरी शक्ती पूर्ण शक्तीच्या आठव्या हिश्श्याएवढी धरली तर हा ॲम्प्लिफायर भिंतीतून सुमारे 300 वॅटच मागतो. इस्त्री याच्या तिप्पट खाते आणि तिच्याबद्दल कोणी चर्चा करत नाही.

खरी गोम ‘किती’मध्ये नाही, घास कसा घेतला जातो त्यात आहे. बल्ब एसी विजेच्या पूर्ण लहरभर करंट घेत राहतो. ॲम्प्लिफायरमधल्या डायोडच्या पुलामागे (हाच आजचा रेक्टिफायर) हजारो मायक्रोफॅरडचे कपॅसिटर बसलेले असतात. लहरीचं टोक त्यांच्या व्होल्टेजच्या वर चढेल तेवढ्या क्षणापुरतेच ते भरतात. म्हणजे 50 हर्ट्झवर सेकंदाला 100 अरुंद, उंच झटके. सरासरी थोडी दिसते, पण झटक्याचा करंट तिच्या कित्येक पट, आणि लहरीचं टोक तेवढं चपटं होतं.

चालू करतानाची गोष्ट याहून वाईट. टोरॉइड, म्हणजे कड्याच्या आकाराच्या ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडी गाभ्यात मागच्या वेळचं चुंबकत्व उरलेलं असतं. खटका नेमका लहरीच्या शून्यापाशी लागला आणि चुंबकत्वही त्याच दिशेचं निघालं की गाभा चुंबकत्वाने भरून जातो, त्यात आणखी मावत नाही. मग करंटला अडवायला वेटोळ्याचा किरकोळ रोध तेवढा उरतो. सिलिकॉन डायोड तर व्हॉल्व्हसारखा ताटकळत नाही, तो लगेच रिकाम्या कपॅसिटरांनाही वाट देतो. बी प्रकारचा एमसीबी रेटिंगच्या तीन ते पाच पटीला तत्काळ पडतो, सी प्रकारचा पाच ते दहा पटीला. माझा पाचव्या वेळीच का पडे, याचं उत्तर खटका दाबण्याच्या त्या सेकंदाच्या शतांशात होतं.

मधल्या काळात वॅटच्या जाहिरातींनी ताळतंत्र सोडलं होतं. 1974 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने नियम केला की मोजण्याआधी ॲम्प्लिफायर तासभर एक-तृतीयांश शक्तीवर तापवा. एबी वर्गाचा, म्हणजे नेहमीच्या ट्रान्झिस्टर रचनेचा ॲम्प्लिफायर सर्वांत जास्त तापतो तो साधारण 40 टक्के शक्तीच्या आसपास, त्यामुळे कंपन्यांची बोंबाबोंब झाली. पुढे तो हिस्सा एक-अष्टमांश केला गेला.

आणि तारा? 2.5 चौरस मिलिमीटर तांब्याची लाईन बोर्डापासून 15 मीटर असेल तर जाऊन-येऊन रोध साधारण 0.2 ओहम. 10 ॲम्पिअरला 2 व्होल्ट पडतात. 230 मध्ये ते एक टक्काही नाही, आवाजात 0.1 डेसिबलपेक्षा कमी. स्वतंत्र सर्किट ओढून घ्यावं, पण ते फ्रिजच्या खडखडाटापासून सुटका म्हणून आणि सगळ्या यंत्रांचं अर्थिंग एका जागी यावं म्हणून. स्पीकरमधलं गुंजन घालवायला प्लगची अर्थिंगची पिन तोडणारे महाभाग आहेत. त्यांनी गुंजनच ऐकत बसावं. जपानमध्ये काही शौकिनांनी घराबाहेर स्वतःचा खांब रोवून स्वतःचा ट्रान्सफॉर्मरही बसवून घेतला आहे. तिथली वीज 100 व्होल्टची, त्यामुळे तेवढ्याच वॅटना करंट आमच्या दुपटीहून जास्त. तरी ही हौसच.

आता डी वर्गाचे, म्हणजे ट्रान्झिस्टर भराभर चालू-बंद करून चालणारे ॲम्प्लिफायर 90 टक्क्यांच्या आसपास कार्यक्षमता गाठतात. त्यांच्या स्विचिंग सप्लायमध्ये पॉवर फॅक्टर सुधारणारी (करंट झटक्यांनी न घेता लहरीबरोबर घ्यायला लावणारी) पायरी असेल, तर लहरीतून बल्बसारखाच गुळगुळीत करंट घेतला जातो. माझ्या जुन्या धुडात मी शेवटी सॉफ्ट स्टार्ट घालून घेतला: आधी एका रोधातून करंट, मग अर्ध्या सेकंदाने रिलेची ‘टक्’, आणि रोध बाजूला. दिवा मिचकत नाही. एमसीबी मी बदललेला नाही, तो बी प्रकारचाच आहे.