क्रॉसिंग कुठे, ते कंट्रोल ठरवतो

कोकण रेल्वेवर विलवड्याला गाडी लूप लाइनवर, म्हणजे बाजूच्या रुळावर, उभी. बाहेर धो धो पाऊस, आणि समोरचे काका स्टेशन मास्तरच्या नावाने बोटं मोडतायत. मास्तरचा यात काडीचा दोष नाही. रोहा–वीर पट्टा २०२१मध्ये दुहेरी झाला, पुढे कोकण रेल्वे बहुतांशी एकेरीच. समोरासमोरच्या गाड्यांचं क्रॉसिंग कुठे, कोणी थांबून वाट द्यायची, हे अख्खा सेक्शन डोळ्यांपुढे असलेला कंट्रोलर ठरवतो. स्टेशनात फक्त सांधे बदलतात.

इंटरनेटचे राउटर मात्र वर्षानुवर्षं असल्या कंट्रोलशिवाय चालत आलेत. प्रत्येक जण शेजाऱ्याला विचारून आपापला रस्ता ठरवतो. डोकं आणि हात एकाच डब्यात. काही बदलायचं तर एकेका डब्यात शिरा, आणि प्रत्येक कंपनीच्या कमांड वेगळ्या! २००८मध्ये स्टॅनफर्डचे निक मॅकिओन आणि सहकाऱ्यांनी 'ओपनफ्लो' मांडला. डोकं काढून एका कंट्रोलर सॉफ्टवेअरमध्ये ठेवायचं, स्विचकडे, म्हणजे डेटा पुढे ढकलणाऱ्या डब्याकडे, उरतो नियमांचा तक्ता: अमुक पत्त्याचं पॅकेट (डेटाचा तुकडा) आलं, तमुक पोर्टने सोड. हेच सॉफ्टवेअर-डिफाइन्ड नेटवर्किंग. गूगलने आपली डेटा सेंटरं जोडणारं 'बी४' जाळं असं चालवलं आणि २०१३च्या शोधनिबंधात सांगितलं की कित्येक लिंक जवळजवळ १०० टक्के भरून वापरता येतात.

इथवर झकास. पण तक्त्याची वेगवान मेमरी महाग, त्यामुळे नियम मोजकेच मावतात. शिवाय अंतर. काचेच्या तारेत प्रकाश मिलिसेकंदाला साधारण २०० किलोमीटर जातो. कंट्रोलर ५०० किलोमीटरवर असेल, तर तक्त्यात नसलेल्या पॅकेटचं काय करायचं हे विचारून उत्तर यायला ५ मिलिसेकंद; तेवढ्यात १० गिगाबिटच्या लिंकवर सहा एमबी डेटा येऊन थडकतो.

खरी गोची नियम बदलताना होते. एका स्विचला नवा नियम पोचला, शेजाऱ्याकडे अजून जुनाच. पहिला स्विच पॅकेट दुसऱ्याकडे ढकलतो, दुसरा परत पहिल्याकडे, आणि पॅकेटला घालून दिलेली फेऱ्यांची मर्यादा संपेपर्यंत हा टोलवाटोलवीचा खेळ चालतो. म्हणून आधी आतल्या सगळ्या स्विचवर नवे नियम नव्या खुणेसह बसवतात, मगच वेशीवरचे स्विच पॅकेटांवर ती खूण मारू लागतात.

आणि कंट्रोलरकडे जाणारी तारच तुटली तर? महामार्गाच्या कामात जेसीबीने केबल उखडणं आपल्याकडे नवलाचं नाही. ओपनफ्लोत तेव्हा दोनच वाटा: हाताशी असलेल्या तक्त्यावर निभावायचं आणि कंट्रोलरला विचारावं लागेल ते पॅकेट टाकून द्यायचं, नाहीतर, स्विचला तशी सोय असेल तर, पुन्हा जुन्या पद्धतीने स्वतःच्या डोक्याने चालायचं. कंट्रोलचा फोन बंद पडला, तरी दोन शेजारची स्टेशनं आपसात लाइन क्लिअर, म्हणजे गाडी सोडायची परवानगी, घेतातच की.